पोह्यातलं ग्लुकोज, दुपट्ट्यातलं ग्लुकोज

मे महिन्यात नागपुरात सकाळी आठलाच ऊन टोचायला लागतं. कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर मी सुती दुपट्टा डोक्याला आणि कानांना गुंडाळून उभा असतो. हातात पोह्यांची प्लेट असते. "भाऊ, तर्री थोडी जास्त टाका न," हे सांगून झालेलं असतं. घरच्यांसाठीचं पार्सलही बांधून होतं: पोहे कागदात, तर्री प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला गाठ मारून.

पोहे, दुपट्टा आणि पिशवी या रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातल्या वस्तू आहेत. छोटे छोटे रेणू एकमेकांना जोडत जाऊन झालेल्या लांबच लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर. शाळेच्या पुस्तकात यांना बहुवारिक म्हणतात आणि साखळीतल्या एकेका छोट्या रेणूला एकवारिक, म्हणजे मोनोमर. तिघांपैकी दोघांचं नातं तर त्याहून जवळचं आहे. पोह्यातला स्टार्च आणि दुपट्ट्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजपासूनच बनतात. तरी पोहे पोटात विरघळतात आणि दुपट्टा शंभर वेळा धुतला तरी दुपट्टाच राहतो. मला रसायनशास्त्राची गोडी लागली ती या एका कोड्यामुळे.

घरी करून बघा. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा. कच्च्या पोह्यांवर एक थेंब टाकला की तो निळा-काळा होतो. जुन्या, धुतलेल्या दुपट्ट्याच्या सुतावर टाकलेला थेंब तपकिरीच राहतो. हातमागावरच्या नव्या कोऱ्या, न धुतलेल्या कापडावर मात्र तो कधी कधी निळा पडतो. सूत बदललेलं नसतं. विणताना तुटू नये म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पिठाची खळ दिलेली असते, तिचा तो रंग. खळ म्हणजे स्टार्चच.

हे का होतं ते कळायला साखळी कशी जुळते ते बघावं लागेल. ग्लुकोजच्या रेणूला बाहेर आलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. त्यांना आपण हात म्हणू. एका रेणूचा हात दुसऱ्याच्या हातात गुंतला की मधून पाण्याचा एक रेणू सुटतो. ग्लुकोजचं रेणुवजन १८०, पाण्याचं १८, म्हणून साखळीत बसलेल्या प्रत्येक ग्लुकोजचं वजन १६२ भरतं. साखळी वाढत राहायची तर प्रत्येकाला निदान दोन हात हवेत. एकच हात असलेला रेणू येऊन चिकटला की साखळी तिथेच संपली. तीन हातांचे रेणू आले तर साखळीऐवजी जाळं विणलं जातं, आणि असं जाळं तापवून वितळत नाही. लिओ बेकलँडने १९०७ साली बनवलेलं बेकेलाइट याच जातीचं. कुकरची काळी मूठ गॅसजवळ राहूनही पाघळत नाही ती त्यामुळे.

आता पोहे आणि दुपट्टा यांच्यातला फरक. स्टार्चमध्ये प्रत्येक ग्लुकोज आधीच्या ग्लुकोजसारखंच तोंड करून बसतं. त्यामुळे दर सांध्यावर साखळी जराशी वळते आणि वळत वळत स्प्रिंगसारखी होते, एका वेढ्यात सुमारे सहा ग्लुकोज. आयोडीन या स्प्रिंगच्या पोकळीत शिरून रांगेने बसतं, म्हणून निळा रंग. सेल्युलोजमध्ये मात्र दर दुसरं ग्लुकोज उलटं बसतं. वळण आलं की पुढचा सांधा ते फेडतो आणि साखळी सरळसोट राहते. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, तशा या साखळ्या शेजारी शेजारी लागतात. त्यांच्यामध्ये असंख्य हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढी, तयार होतात आणि धागा मजबूत होतो. आयोडीनला शिरायला तिथे पोकळीच नसते.

आपल्या लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम फक्त पहिल्या प्रकारचा सांधा ओळखतं. तर्री घालण्याआधी पोह्यांचा एक घास तोंडात चांगला घोळवा. थोड्या वेळाने गोडसर लागतो, कारण तोंडातच स्टार्च तुटून माल्टोज नावाची साखर होऊ लागते. सेल्युलोजचा सांधा तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. गाईच्या पोटात ते बनवणारे सूक्ष्मजीव असतात, म्हणून कुटारावर तिचं भागतं.

विदर्भातल्या माणसाने कापूस एकदा तरी या नजरेने बघावा असं मला फार वाटतं. सरकीला चिकटलेला रुईचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांब वाढलेली. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची पेशी! आधी ती लांब होते, मग आतून सेल्युलोजचे थरावर थर चढतात. बोंड फुटल्यावर पेशी वाळते, चपटी होते, पीळ घेते, आणि त्या पिळामुळेच सूत कातता येतं. कापसातल्या एका साखळीत साधारण दहा हजार ग्लुकोज असतात. एवढं असूनही तिची लांबी भरते सुमारे ५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, ती इथल्या कापसाच्या भरवशावर. पण कापसातले रेणू केवढे असतात, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं.

ते कळायला आणखी जवळपास अर्धशतक गेलं. १९२० पासून जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी मांडायला सुरुवात केली की रबर, स्टार्च, सेल्युलोज हे खरोखरच प्रचंड लांब रेणू आहेत. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना ते पटेना. त्यांच्या मते हे छोट्या रेणूंचे नुसते घोळके होते, आणि रबराच्या बाबतीत कार्बनच्या दुहेरी बंधांची ओढ घोळक्याला धरून ठेवत होती. श्टाउडिंगर यांनी रबराच्या दुहेरी बंधांमध्ये हायड्रोजन घालून ते बंधच नाहीसे केले. आता घोळका फुटायला हवा होता. तो फुटला नाही, पदार्थ पूर्वीसारखाच वागला. मला हा प्रयोग अतिशय देखणा वाटतो: समोरच्याचं म्हणणं खरं धरायचं, आणि मग काय घडायला हवं ते स्वतः करून बघायचं. त्यांना नोबेल मिळालं १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

राहिली तर्रीची पिशवी. तिचं एकवारिक म्हणजे इथिलीन, दोन कार्बनचा वायू. इथे काहीच सुटून जात नाही. इथिलीनमधला दुहेरी बंध उघडतो, मोकळा झालेला हात पुढच्या रेणूला धरतो, त्याचा बंध उघडतो, आणि हे इतक्या झपाट्याने चालतं की हजारो रेणू डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडले जातात. १९३३ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय या रसायन कंपनीत गिब्सन आणि फॉसेट यांनी इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली तापवलं होतं. त्यांना वेगळीच अभिक्रिया हवी होती, भांड्यात सापडला मेणासारखा पांढरा पदार्थ. सुरुवात करून दिली होती चुकून शिरलेल्या किंचित ऑक्सिजनने. तो पदार्थ म्हणजे पॉलिथीन.

पॉलिथीनच्या साखळीला पाण्याशी जमेल असा एकही गट नाही, म्हणून ते पाणी धरत नाही. तेलाशी मात्र त्याची सोयरीक आहे. तर्री प्लास्टिकच्या डब्यात ठेवली की डबा कायमचा लालसर होतो, तो याच स्वभावामुळे. डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, पॉलिथीनच्या सख्ख्या भावाचा. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, तसाच गरम असताना डब्याच्या साखळ्यांमध्येही मुरतो. घासून तो निघत नाही, कारण तो वर लागलेला नसतोच. कापसाचं याच्या उलट. सेल्युलोजच्या मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांना पाणी आवडतं. ओला दुपट्टा पाणी धरतो, ते हळूहळू उडताना डोक्याची उष्णता घेऊन जातं. ओलं सूत कोरड्यापेक्षा जास्त मजबूतही असतं. पॉलिएस्टरचा दुपट्टा दिसायला तसाच असतो, पण पंचेचाळीस अंशांत तो माझ्या डोक्याला कधी मानवला नाही.

पार्सल घरी पोचेपर्यंत पोहे ताठरतात. ते वाळले असं आपण म्हणतो, पण सगळं पाणी उडालेलं नसतं. शिजताना सुटलेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड होताना पुन्हा एकमेकींशेजारी लागतात आणि मधलं पाणी बाजूला सारतात. बायको त्यावर पाण्याचा हबका मारून वाफ आणते. फांद्या फुटलेल्या साखळ्या, म्हणजे अमायलोपेक्टिन, तेवढ्या वाफेने पुन्हा सैल होतात. अमायलोजच्या बिनफांद्यांच्या साखळ्या मात्र एकदा घट्ट लागल्या की शंभर अंशांनाही दाद देत नाहीत. म्हणून वाफवलेले पोहे मऊ होतात, पण ठेल्यावरच्यासारखे होत नाहीत.