बाटलीतली हवा आणि बेलिंग मशीन

एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली असते साधारण 20 ग्रॅमची, आणि तेवढं प्लास्टिक वितळवून एकत्र केलं तर जेमतेम 15 मिली भरतं, बाकी सगळी हवा. म्हणजे भंगारवाल्याचा टेम्पो बाटल्यांनी शिगोशिग भरलेला दिसतो तेव्हा तो मुख्यतः हवाच वाहतोय, आणि डिझेल मात्र अख्ख्या फेरीचं जळतंय. ही हवा काढायचं काम बेलिंग मशीनचं, म्हणजे भंगार दाबून त्याच्या गाठी बांधणाऱ्या यंत्राचं.

आपल्याकडे विदर्भ-खान्देशात जिनिंग-प्रेसिंगला रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधतात ना, तीच पद्धत, फक्त रुईच्या जागी पुठ्ठा, बाटल्या, डबे. मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो, आणि कोंडलेल्या तेलातला दाब सगळीकडे सारखा पोचतो (शाळेतला पास्कलचा नियम आठवतोय?) त्यामुळे पिस्टन जितका रुंद तितका जोर जास्त. 20 सेंमी व्यासाचा पिस्टन आणि 200 बार दाब (आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या साधारण 200 पट) धरला तर जोर होतो 60 टनांच्या वर! पण तो मीटरभर लांब, पाऊण मीटर रुंद, माल दाबणाऱ्या प्लेटवर पसरतो, त्यामुळे मालावर दर चौरस सेंमीला साधारण 8 किलोच येतात, कारच्या टायरमधल्या हवेच्या तीन-चार पट.

आता खरी गंमत मालाची आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा एकदा चेपल्या की चेपल्याच, अ‍ॅल्युमिनियमचा कॅनही परत उठत नाही. बाटली मात्र हट्टी, झाकण घट्ट असेल तर हवेला बाहेर पडायला वाटच नसते, ती दाबली जाते आणि प्लेट वर गेली की पुन्हा फुगते. म्हणून मशीनच्या आतल्या भिंतीला दात असतात, ते माल धरून ठेवतात, आणि काही ठिकाणी बाटल्यांना आधी भोकं पाडून घेतात. मी एकदा जवळ उभं राहून बघितलंय, तारा बांधून दार उघडलं आणि गाठ चांगली चार बोटं फुगली, तारा अशा ताणल्या की मालात रुतल्या. तुम्ही घरून बाटली देताना झाकण काढून ती चिरडून दिलीत तर हे भांडण निम्मं तिथेच मिटतं, खरंच एवढं करा.

आणि पुठ्ठा ओला देऊ नका, पाण्याने वजन वाढतं पण गाठीला आतून बुरशी लागते, आणि घेणारा ओलावा मोजून तेवढे पैसे कापतो.