ऑटोमॅटिकचं ऑइल 'लाइफटाइम' नसतं

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या हौशी गाडीवाल्यांकडून एक गोष्ट मी नेहमी ऐकतो: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदलायचं नसतं. हे साफ चुकीचं आहे. अनेक दमदार गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ते बदलायला सांगते.

ऑइल खराब होतं ते उष्णतेने, आणि ती येते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागातून. घाटात वेग कमी, जोर जास्त. आतले दोन पंखे सारख्या वेगाने फिरत नाहीत आणि मधलं ऑइल घुसळून तापतं. ८०-९० अंशांवर ते सुखात असतं. १२० च्या वर झपाट्याने खराब होतं, सील कडक होतात, क्लच घसरतात. रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवलात तर हा ताप आणखी वाढतो.

रेडिएटरमधला कूलर ऑइलला कूलंटपेक्षा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापेक्षा) थंड करूच शकत नाही, आणि कूलंटच ९० च्या आसपास! म्हणून पुढे, हवेच्या झोतात, वेगळा कूलर लावा. थर्मोस्टॅटसकट (ऑइल गरम होईपर्यंत ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप), कारण डिसेंबरच्या पहाटे ऑइल गार राहणंही वाईटच. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ अंशांची असते, तेव्हा कूलर जरा मोठाच घ्या.