एमएसमधली उमेद आणि एमएसला नकार: दोघांच्याही तोंडी ‘मी ठीक आहे’

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा’. सांगणाऱ्याला मनापासून काळजी असते, यात शंका नाही. पण या सल्ल्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पुडीत बांधून दिल्या जातात: उमेद आणि नकार. उमेद असलेला माणूस म्हणतो, ‘मी ठीक आहे.’ आजार मानायलाच तयार नसलेला माणूसही तेच म्हणतो. दोघे हसतमुख असतात आणि कामावरही जातात. पुढच्या एमआरआयची तारीख आली, औषधाचा डोस जवळ आला किंवा काठी हातात घ्यायची वेळ आली, की मग दोघांतलं अंतर दिसतं.

हा घोटाळा एमएसमध्ये इतका सहज होतो, त्याचं कारण या आजाराच्या चालीत आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं ते आवरण जागोजागी निघतं आणि संदेश अडखळतात. बहुतेकांना हा आजार विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. सुमारे ८५ टक्के जणांमध्ये सुरुवात येत्या-जात्या स्वरूपाची असते. एका डोळ्याला धूसर दिसू लागतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो आणि काही आठवड्यांत पुष्कळसं पूर्ववत होतं. याला रिलॅप्स म्हणतात.

रिलॅप्स ओसरल्यानंतरचा हा काळ नकाराला फार सोयीचा. बरं वाटतंय म्हणजे आजार गेला, असं मन ठरवून टाकतं. प्रत्यक्षात बाहेर काही जाणवत नसताना आत मेंदूत आणि मज्जारज्जूत इजेचे नवे डाग पडत राहू शकतात. एमआरआयवर दिसणारे नवे डाग हे जाणवणाऱ्या रिलॅप्सपेक्षा अनेक पटींनी जास्त असतात. आजाराची गती कमी करणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ साली मंजूर झालं. आज गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, काही महिन्यांनी एकदा सलाईनमधून द्यायची औषधं आहेत. ती आजार मुळापासून काढत नाहीत, पण रिलॅप्स आणि नवे डाग कमी करतात. अडचण अशी की औषध लागू पडतंय हे अंगाला कळत नाही. नव्या रिलॅप्सविना गेलेलं वर्ष हाच त्याचा परिणाम, आणि न घडलेली गोष्ट डोळ्यांना कशी दिसणार? म्हणून नकार म्हणतो, ‘बरं आहे, मग टोचून कशाला घ्यायचं?’ उमेद म्हणते, ‘बरं आहे तोवरच घ्यायचं.’

मनाच्या बळावर डाग पडायचे थांबतात, असं मात्र कुणी सांगू नये. तसा पुरावा नाही. मनोवृत्तीचा उपयोग दुसरीकडे आहे: औषध न चुकवणं, व्यायाम टिकवणं, मदत मागणं आणि नोकरी-संसाराची आखणी नव्यानं करणं. या सगळ्याला बळ लागतं, आणि ते उमेदीतूनच येतं.

उमेद कुठे संपते आणि नकार कुठे सुरू होतो, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते इटलीतल्या एका प्रकरणात. फेरारा इथले रक्तवाहिन्यांचे सर्जन पाओलो झाम्बोनी यांनी २००९ साली मांडलं, की एमएस असलेल्यांच्या मानेतल्या शिरा अरुंद झालेल्या असतात आणि शिरेच्या आत छोटा फुगा फुगवून त्या रुंद केल्या तर फायदा होतो. जगभरातले रुग्ण त्या उपचारामागे धावले. कॅनडातून कितीतरी जण परदेशी गेले, त्यातले काही थेट भारतातल्या रुग्णालयांत आले. त्यांना मी वेडं म्हणणार नाही. पाय जड होत चाललेल्या माणसानं नव्या वाटेकडे पाहणं ही उमेदच. मग २०१७ साली कॅनडातल्या आणि खुद्द झाम्बोनींच्या इटलीतल्या चाचणीतूनही निष्पन्न झालं, की या उपचाराचा एमएसवर उपयोग होत नाही. त्यानंतरही ‘मला गुण येईलच’ म्हणत पैसे आणि आशा तिथेच ओतत राहणं हा नकार. उमेद पुरावा ऐकते आणि दिशा बदलते. आपल्याकडे ‘एमएस समूळ बरा करतो’ अशी हमी कुणी दिली, तर हीच कसोटी लावा. योगासनं करा, प्राणायाम करा, जेवण सांभाळा. त्यासाठी चालू औषध बंद करायला सांगणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

उन्हाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं, तरी आवरण गेलेल्या नसांतून संदेश जाणं आणखी मंदावतं आणि जुनी लक्षणं डोकं वर काढतात. व्यायामानंतर रुग्णांची नजर काही काळ अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० सालीच नोंदवलं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अकोल्या-चंद्रपूरच्या उन्हात हे होणं अगदी साहजिक आहे. अंग गार झालं की त्रास ओसरतो. नसांना नवी इजा झालेली नसते. खरा रिलॅप्स ओळखायची खूण अशी: लक्षण नवं असतं किंवा जुनंच ठळकपणे बळावलेलं, ते किमान २४ तास सतत टिकतं आणि अंगात ताप किंवा संसर्ग नसतो. म्हणून डॉक्टर आधी लघवीची तपासणी करायला सांगतात, कारण लघवीचा जंतुसंसर्गही अशीच लक्षणं उठवतो. नकाराला हे असं पारखून बघायचं नसतं. तो सगळ्याला ‘उन्हामुळे झालं’ म्हणून मोकळा होतो, आणि खऱ्या रिलॅप्सला लागणारी स्टिरॉइडची सलाईन लांबत जाते. उमेद असलेला माणूस तारीख-वेळ लिहून ठेवतो, सकाळी लवकर फिरून येतो, मानेवर ओला पंचा ठेवतो आणि २४ तास उलटले की फोन लावतो.

आता नैराश्य. एमएस असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. त्याला परिस्थितीचा भार कारणीभूत असतोच, पण मेंदूतली सूज आणि डाग यांचाही त्यात वाटा असतो. म्हणजे ते मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नव्हे. अशा माणसाला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटलं, की आजारासोबत अपराधीपणही त्याच्या पदरात पडतं. मग तो घरच्यांसाठी हसरा चेहरा धारण करतो आणि आतून खचत जातो. समुपदेशन आणि गोळ्या या दोन्हींचा गुण येतो. ‘मला हे एकट्याला पेलत नाही’ असं न्यूरॉलॉजिस्टला सांगणारी व्यक्ती माझ्या लेखी पुरेपूर उमेदीची आहे.

थकव्याचंही असंच. एमएसचा थकवा झोपेनं जाईलच असं नाही, आणि तो चेहऱ्यावर दिसतही नाही. घरातली सून दुपारी आडवी झाली की कुजबुज सुरू होते, म्हणून ती ओढत राहते आणि संध्याकाळी तिला भिंतीचा आधार घेत चालावं लागतं. तिच्या ओढत राहण्याचं कौतुक होऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. उलट व्यायामाची धास्तीही नको. पूर्वी डॉक्टर व्यायाम टाळायला सांगत. १९९६ साली युटा विद्यापीठाच्या अभ्यासात १५ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामानं एमएस रुग्णांची ताकद वाढली आणि दहाव्या आठवड्याच्या नोंदीत थकवाही कमी दिसला, तेव्हापासून सल्ला बदलत गेला.

लग्न आणि मूल या विषयांत नकार बहुधा कुटुंबाचा असतो: ‘सांगायचं नाही कुणाला.’ एमएस असताना मूल होऊ शकतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, रिलॅप्स कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. काही औषधं गर्भधारणेच्या कितीतरी आधी बदलावी लागतात. आजार लपवून ठेवला तर हे नियोजन करणार कधी?

राहिला दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा प्रश्न. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. ‘दाखला घेतला म्हणजे मी हरलो’ असं म्हणून बरेच जण तो घेत नाहीत. मला हे पटत नाही. सरकारी सवलतींसाठी साधारणपणे किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि ते किती आहे हे वैद्यकीय मंडळ ठरवतं. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर करता येतो. जाताना न्यूरॉलॉजिस्टचे कागद आणि आजवरचे सगळे एमआरआय रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. कुणाशी बोलावंसं वाटलं, तर १९८५ साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा मुंबई आणि पुण्यात आहेत.