इताडाकी स्ट्रीट : शेअरबाजाराच्या धुंदीनंतर आलेला पट

मार्च १९९१ मध्ये जपानात फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेमयंत्रावर 'इताडाकी स्ट्रीट' हा व्हिडिओ गेम आला. इताडाकी म्हणजे साधारण 'घेतलं बुवा!'. उपशीर्षकही मोठं लाघवी: 'माझ्या दुकानात येऊन जा ना'. खेळ रचला होता यूजी होरी यांनी, म्हणजे 'ड्रॅगन क्वेस्ट' या व्हिडिओ गेम मालिकेच्या कर्त्याने.

आपल्याकडे 'व्यापार' खेळलेल्यांना पट ओळखीचा वाटेल. फासा टाकायचा, दुकान घ्यायचं, तिथे येणाऱ्याकडून पैसे वसूल करायचे. होरींनी त्यात शेअर घातले आणि सगळा खेळच पालटला. समजा, पटावरच्या एखाद्या भागातली दोन दुकानं तुमच्या प्रतिस्पर्ध्याची आहेत. पटावरच्या बँकेच्या घरावरून जाताना तुम्ही गुपचूप त्या भागाचे शेअर घेऊन ठेवता. तो दुकानांत पैसा ओततो, भाव चढतो आणि त्याच्या कष्टावर तुमची मालमत्ता फुगते. मग तुम्ही शेअर एकगठ्ठा विकता. भाव कोसळतो आणि त्याच भागाचे शेअर धरून बसलेला तो हात चोळत राहतो. माझ्या मते या खेळाचा खरा जीव इथेच आहे.

ही कल्पना जपानी घरांत सहज समजली जाण्यासारखी होती. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी पाच देशांनी १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर येन वधारला, निर्यातदार अडचणीत आले. त्यांना सावरायला बँक ऑफ जपानने व्याजदर उतरवत फेब्रुवारी १९८७ मध्ये अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये शिरला. त्याच महिन्यात एनटीटी या सरकारी टेलिफोन कंपनीचा शेअर बाजारात आला. सुमारे १२ लाख येनला विकलेला तो शेअर एप्रिलपर्यंत ३१ लाखांच्या वर गेला! एरवी बाजाराकडे न फिरकणारी माणसंही तेव्हा भाव बघू लागली. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई, म्हणजे जपानी शेअरबाजाराचा निर्देशांक, ३८,९१५ वर बंद झाला. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तो २० हजारांच्या आसपास घसरला होता. म्हणजे खेळ दुकानात आला तेव्हा घरोघरी शेअरची भाषा मुरलेली होती आणि तेजी ओसरलेली होती.

श्रीमंतीचा पट फॅमिकॉमवर त्याआधीही होता. होरींचे मित्र अकिरा साकुमा यांचा 'मोमोतारो देन्तेत्सु' १९८८ चा. त्यात रेल्वेने जपानभर हिंडत मालमत्ता घ्यायची असते. तो प्रवासाचा खेळ, हा बाजाराचा.

जपानबाहेर मात्र 'इताडाकी स्ट्रीट'ची मालिका पोचायला २०११ उजाडलं. तेव्हा निन्टेंडोच्या वी या गेमयंत्रावर मारिओ आणि ड्रॅगन क्वेस्टची पात्रं एकाच पटावर दुकानं विकत घेत होती.