नदीतला ऑक्सिजन पहाटे मोजा

एप्रिल-मेमध्ये कृष्णेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाकलेले असतात आणि तुंबलेल्या पाण्याला हिरवट रंग चढतो. दुपारी दोनला तपासलं, तर या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १० मिलिग्रॅमही भरू शकतो. त्याच डोहात पहाटे पाचला मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. दिवसा शैवाल ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र तेही मासे आणि जिवाणूंसारखा तो वापरतं. म्हणून दुपारच्या एका आकड्यावर नदी निरोगी ठरवणं चूक आहे.

मुळात उन्हाळ्यात साठाच कमी. २० अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात मळी, म्हणजे आसवनीचं (मद्यार्क कारखान्याचं) सांडपाणी, मिसळली, तर? आसवनीच्या प्रक्रिया न केलेल्या मळीची जैविक ऑक्सिजन मागणी (ती कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. म्हणजे अशी एक लिटर मळी पाच हजार लिटर नदीचा ऑक्सिजन खाऊ शकते.

सगळे मासे एकदम मरत नाहीत. वाहतं, थंड पाणी लागणारा महसीर आधी हैराण होतो. ऑक्सिजन ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू-कटलाही वर येतात. मरळ थेट हवेतून श्वास घेते, चिलापी बराच काळ तग धरते. त्यामुळे ‘जाळ्यात मासे भरपूर आहेत’ हा पाणी चांगलं असल्याचा पुरावा नव्हे. कोणते आहेत ते पाहा. कोयनेला मिळणाऱ्या डोंगरी ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारा मळ्या मासा गाळाने दगड झाकले की दिसेनासा होतो. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं देताना ‘मुल्या’ (मळ्या) आणि ‘खुद्री’ (दख्खनचा महसीर) हे इथलेच शब्द घेतले. ती नावं पुस्तकातच उरू नयेत, असं मनापासून वाटतं.

मोजायचं कसं? काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली, बुडबुडा न राहू देता भरा. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड द्रावण घाला, बूच लावून पंधरा वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. साका खाली बसला की १ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घाला (हातमोजे, चष्मा हवाच). साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या हायपोने (सोडियम थायोसल्फेट) टायट्रेट करा, म्हणजे ते थेंबथेंब मोजून घाला. पिवळा रंग फिका पडल्यावरच स्टार्च घाला (पाणी निळं होतं), आधी घातला तर निळा रंग नीट जात नाही. निळा रंग गेला की जितके मिलिलिटर हायपो लागलं, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे साका न पाडता बाटली प्रयोगशाळेपर्यंत नेणं. वाटेत जिवाणू ऑक्सिजन संपवतात. पहिली दोन रसायनं काठावरच घाला, बाटली अंधारात ठेवा. एक नमुना नाल्याच्या तोंडाच्या वरचा, एक खालचा घ्या आणि दोन्हींवर वेळ व पाण्याचं तापमान लिहा.