'वॉज'चं 'वेअर' का होतं?

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक यादी फिरते: 'अस्ति' आणि 'इज', 'भू' आणि 'बी'. खाली निष्कर्ष ठरलेला, इंग्रजी संस्कृतातून जन्मली. जोड्या खऱ्या, निष्कर्ष चुकीचा. दोन्ही भाषा एकाच जुन्या, कुठेही लिहून न ठेवलेल्या भाषेच्या वंशज आहेत. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातल्या व्याख्यानात हा विचार मांडला, तेव्हा धातू आणि व्याकरणाची रूपं यांतल्या साम्यावरच बोट ठेवलं होतं.

'बी' हे क्रियापद तीन धातूंचं मिळून झालंय. 'अ‍ॅम', 'इज' ही 'अस्'च्या नात्यातली (अस्मि, अस्ति). 'बी', 'बीन' ही 'भू'च्या. आपलं 'होणे'ही प्राकृत 'होइ'मार्गे 'भू'पासूनच आलं. 'वॉज', 'वेअर' ही 'वस्' म्हणजे राहणे, याच्या. अशी जोडाजोड संस्कृतातही आहे. 'अस्'चा भविष्यकाळ 'भविष्यति'; पाणिनीचं सूत्रच आहे, 'अस्तेर्भूः' (२.४.५२), म्हणजे 'अस्'च्या जागी 'भू'.

पण एकाच धातूत एकवचनाला 'स' आणि अनेकवचनाला 'र' कसा? जुन्या इंग्रजीत ही रूपं 'वॅस' आणि 'वॅरॉन' अशी होती. याचं उत्तर सापडतं वैदिक संस्कृतातल्या स्वरांत, म्हणजे अक्षरावरच्या आघातात. 'चकार'मध्ये (त्याने केलं) उदात्त, म्हणजे मुख्य आघात, धातूवर, 'का'वर पडतो. 'चक्रुः'मध्ये (त्यांनी केलं) तो प्रत्ययावर सरकतो. मूळ भाषेतही तसंच होतं. डॅनिश अभ्यासक कार्ल वर्नर यांना १८७५ मध्ये इंग्रजी-जर्मनच्या कुळातला नियम सापडला: शब्दाच्या आत, दोन घोष (गळ्यात कंप होऊन उमटणाऱ्या) ध्वनींमधल्या 'स'च्या आधीच्या अक्षरावर आघात नसेल, तर तो 'स' घोष होतो. एकवचनात आघात धातूवर, म्हणून 'स' टिकला. अनेकवचनात आघात पुढे गेला, 'स'चा घोष 'झ' झाला आणि पुढे 'र'. नंतर आघात सगळीकडे पहिल्या अक्षरावर स्थिरावला, कारण पुसलं गेलं, परिणाम राहिला. ('वॉज'च्या उच्चारात आज ऐकू येणारा घोष ध्वनी मात्र बराच नंतरचा; त्याचा या नियमाशी संबंध नाही.)

नातं सिद्ध होतं ते अशा नियमाने, कानाला सारखं वाटल्याने नव्हे. इंग्रजी 'बॅड' आणि फारसी 'बद' यांचा अर्थही एक, तरी नातं शून्य.

जर्मनने दोन्हीकडे 'र' करून टाकला: 'वार', 'वारेन'. इंग्रजीत 'चूज'च्या भूतकाळी अनेकवचनातही 'कुरॉन' असा 'र' होता, तो गेला. 'लूज'च्या (हरवणे) कुळातल्या 'फॉरलॉर्न'मध्ये (एकाकी, निराधार) तो अजून आहे.