गारेची कपची की माणसानं काढलेलं पातं?

नगर, पुणे, नाशिककडच्या नदीकाठच्या शेतात नांगरट झाली आणि वर एक पाऊस पडला की बांधाच्या कडेला चकचकीत दुधी, तांबूस गारा उघड्या पडतात. त्यातली एखादी पातळ, धारदार कपची हातात आली की मनात येतं, हे बाणाचं टोक तर नव्हे? बहुतेक वेळा नसतं. पण कधी कधी ते खरोखर तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं काम असतं, आणि हा फरक साध्या डोळ्यांनी करता येतो.

गारा आपल्याकडे इतक्या का, हे आधी लक्षात घेऊ. दख्खनचा काळा पाषाण लाव्हाचा. त्यातल्या पोकळ्यांत कॅल्सेडोनी आणि अकीक, म्हणजेच या गारा, तयार झाल्या. खडक झिजला, गारा सुट्या होऊन ओढ्या-नाल्यांत आणि शेतात आल्या. फाळ लागला, दगडावर दगड आपटला की त्या आपसूक फुटतात आणि कडा धारदार होतात. त्यामुळे नुसत्या धारेवर जाऊ नये.

पाहायचा तो घावांचा क्रम. आपोआप फुटलेल्या गारेवरच्या खुणा वाटेल त्या दिशेला जातात, एखाद्या बाजूला खडबडीत साल राहते, आत कधी स्फटिकांची पोकळी दिसते. माणसानं काढलेल्या पात्याच्या दोन्ही कडा जवळपास समांतर असतात आणि पाठीवर एक-दोन सरळ कणे लांबीभर धावतात. हे कणे म्हणजे त्याच दगडावरून आधी काढलेल्या पात्यांच्या खुणा. पातं उलटं करून जाड टोकापाशी अंगठा फिरवा: दाब किंवा घाव बसला तिथं छोटा फुगवटा लागतो. हा फुगवटा मात्र अपघाती फुटीतही येऊ शकतो, म्हणून एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका. खात्रीची खूण म्हणजे गाभा, पाती काढून उरलेला दगड. तो सगळीकडून पट्टे पट्टे सोललेल्या काकडीसारखा दिसतो. गाभा, पाती आणि बारीक चुरा एकाच जागी मिळाला तर तिथं कुणीतरी बसून हत्यारं घडवली होती, असं मानायला भक्कम आधार आहे.

‘बाणाचं टोक’ म्हणताना जो त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी घडवलेला दगड डोळ्यांसमोर येतो, तो इकडे शोधू नका. इथली हत्यारं बोटाच्या पेराएवढी: चंद्रकोरी, त्रिकोण, एक कड मुद्दाम बोथट केलेली पाती. ती लाकडात किंवा हाडात बसवून बाण होई, विळाही होई.

खापरांचं त्यामानानं सोपं आहे. मंगलोरी कौलाचा तुकडा जाड, सपाट, साच्याच्या खाचा असलेला. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून ज्या भांड्यांना नाव पडलं, त्यांचं खापर पातळ, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेघांची नक्षी असलेलं असतं, आणि टिचकी मारली तर खणखणतं. नक्षी भाजण्याआधी काढलेली, म्हणून ती ओल्या बोटानं पुसली जात नाही. असं खापर बहुधा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर मिळतं, आणि तीच पांढरी माती ट्रॉल्या भरभरून शेतात टाकायला नेली जाते, याचं फार वाईट वाटतं.

कारण जागा सुटली की वस्तू अर्धी मुकी होते. नगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या जुन्या वस्तीच्या जागी 1974 साली झाडाची मुळं खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार अप्रतिम धातुमूर्ती निघाल्या. त्या रीतसर उत्खननात, ओळखता येणाऱ्या थरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले.

तेव्हा वस्तू उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून मोबाइलवर फोटो घ्या, गट क्रमांक आणि बांधापासूनचं अंतर लिहा. तारेच्या ब्रशनं घासू नका. आणखी मिळेल म्हणून खणू तर मुळीच नका. फोटो राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला दाखवा. नाणी, दागिने असं जमिनीत दडलेलं धन निघालं तर गोष्ट वेगळी: 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, जमीन स्वतःची असली तरी.